छातीतली नळी आणि इतर मिळकत

मी, अँसेल रॉय डिट्रिक, वय अठ्ठावन्न, धंदा बेसबॉल संघाची मॅनेजरी, राहणार हॅरोगेट बेंड, राज्य इंडियाना, आज स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणाच्याही दडपणाखाली न येता व दारूचा थेंब न घेता, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नाही असे भरल्या मैदानात म्हणणारे पंच या राज्यात बरेच आहेत. त्यांतलाच एक खाली साक्षीदार म्हणून सही करणार आहे, तेव्हा त्या मुद्द्यावर मागाहून कोणी तक्रार काढू नये. भीती मात्र वाटते आहे. हे पहिल्याच परिच्छेदात लिहितो, कारण भीती झाकून लिहिलेल्या कागदावर माझा स्वतःचाच विश्वास बसणार नाही.

कारण असे. येत्या मंगळवारी शहरातल्या रुग्णालयात माझी छाती उघडणार आहेत. काळजातून निघणारी रक्ताची मोठी नळी एका जागी पातळ होऊन फुगली आहे. सायकलच्या जुन्या ट्यूबला फुगा येतो तसे, असे डॉक्टर म्हणाले. फुटली तर कोणाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. कापून नवी नळी बसवली तर माणूस जगतो का, असे मी विचारले. "बरेचजण जगतात," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. पंचाच्या तोंडाकडे बघण्यात माझा जन्म गेला आहे. निर्णय देण्याआधी माणूस नजर कुठे नेतो ते मला कळते.

ही नळी मला बापाकडून आली असावी. तो ओतशाळेत मुकादम होता आणि त्याचा आवाज माझ्याहून मोठा होता. एका रविवारी जेवताना बटाटे कच्चे राहिले म्हणून तो माझ्या आईला बोलत होता. वाक्याच्या मध्येच थांबला आणि ताटावर पडला. आम्हाला आधी वाटले की तो शब्द शोधतो आहे. हे ऐकल्यावर डॉक्टरांनी पेन खाली ठेवले आणि विचारले, "तुम्हाला मुलं आहेत?" एक मुलगा आहे, क्लेटन, तेहतीस वर्षांचा, आवाज आजोबांचा. "हे घराण्यात चालतं. त्याच्या छातीचा फोटो काढून घ्या," ते म्हणाले, "आणि लवकर घ्या."

पुढे घर, बोट, बॅटी वगैरे बरेच काही येईल. पण मला जे खरोखर मार्गी लावायचे आहे ते एवढेच आहे. क्लेटनने छातीचा फोटो काढावा. तो काढायला तयार नाही.

कलम पहिले. पत्नीविषयी.

राहते घर, त्यातले सर्व सामान, मोटार आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या पश्चात माझी पत्नी लिओना हिचे. त्यात कोणाचाही वाटा नाही. स्वयंपाकघरातला रेडिओ तिने वाटेल त्या स्टेशनवर लावावा. लग्न झाल्यापासून तिला तो मिळालेला नाही.

माझ्या दफनाच्या वेळी बँड नको, मैदानावरचे पेटीवादन नको. पाद्रीबाबांनी माझ्या सोशीक स्वभावाबद्दल बोलू नये. लोक हसतील आणि लिओनाला वाईट वाटेल. मला संघाच्या जाकिटात पुरू नये. एकच बरा कोट आहे तो घालावा. तो आता छातीशी सैल होतो, पण पडून राहिल्यावर ते कोणाला दिसत नाही.

लिओनासाठी आणखी एक लिहितो, जे मला तोंडाने सांगता आले नाही. हल्ली मी अंथरुणात डाव्या कुशीवर वळत नाही, त्याचे कारण गादी नव्हे. त्या कुशीवर मला माझे ठोके ऐकू येतात. ते चुकताहेत का हे मी मोजत राहतो आणि मग डोळा लागत नाही. तिने उगीच नवी गादी आणली. गादी चांगली आहे.

कलम दुसरे. धंद्यातल्या वस्तूंविषयी.

सरावाला वापरायची माझी लांब, बारीक बॅट आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, टीटो काराबायो याला द्यावी. तिच्या मुठीवर मी पट्टी गुंडाळली आहे ती सोडू नये, खाली लाकूड तडकलेले आहे. शिट्टी, टोप्या आणि चघळायच्या तंबाखूचे डबे फेकून द्यावेत. संघाचा पुढचा मॅनेजर कोण होणार ते मला ठाऊक आहे. त्याला मी काहीही देत नाही.

कलम तिसरे. वैराविषयी.

माझ्याबद्दल लोक सांगतात की हा माणूस जितके सामने बसून बघतो त्याहून जास्त बाहेरून बघतो. किती वेळा मला मैदानाबाहेर काढले ते लीगच्या कचेरीला ठाऊक असेल, मी कधी मोजले नाही. पण लोकांना जे कळत नाही ते इथे सांगतो. खेळाडू पंचाशी भांडला तर पंच त्याला हाकलतो आणि संघाचा एक चांगला माणूस जातो. म्हणून मॅनेजरने धावत जाऊन दोघांच्या मध्ये उभे राहायचे, खेळाडूला पाठीने मागे रेटायचे आणि त्याच्या वाटचे सगळे आपण बोलून घ्यायचे. मग पंच मॅनेजरला हाकलतो आणि खेळाडू राहतो. हे आमच्या धंद्यातले कामच आहे, भटारखान्यातल्या माणसाने भट्टीपुढे उभे राहावे तसे. निर्णय बदलेल या आशेने कोणी जात नाही. निर्णय कधीच बदलत नाही. काही वेळा मी उगाचही भांडलो आहे. ती माझी करमणूक होती, तिच्याविषयी इथे काही लिहायचे नाही.

सबब सर्व पंचांविषयीचे माझे वैर या कागदाने संपले असे समजावे. लीगच्या अध्यक्षांविषयीचे चालू राहील. ते दफनाला आल्यास त्यांना मागच्या बाकावर बसवावे, खांबाआड.

शेजारच्या मिसेस अल्मा ग्रूनवाल्ड यांनी माझ्या रेडिओवर ओरडण्यावरून पोलिसांना बोलावले होते. त्या आज दुसऱ्या साक्षीदार आहेत. वकील म्हणाला, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. त्यांना माझ्या जाण्याने शांतता मिळेल. ती मिळकतीत धरत नाहीत, हे मी विचारून घेतले आहे.

कलम चौथे. तळ्यावरच्या घराविषयी.

विलो तळ्याच्या उत्तर काठावरचे लाकडी घर, धक्का आणि बोट ही माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. घर मी आणि क्लेटनने मिळून बांधले, तो सैन्यातून परतला त्या उन्हाळ्यात. छप्पर त्याचे आहे आणि ते गळत नाही. भिंती माझ्या आहेत, त्यांच्याबद्दल बोलायला नको.

हे घर मी क्लेटनला देतो, पण एका अटीवर. माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत त्याने छातीचा फोटो काढून डॉक्टरचा दाखला वकिलाकडे आणून द्यावा. न दिल्यास घर आमच्या चर्चला जावे आणि त्यांनी तिथे उन्हाळी शिबिरे भरवावीत.

हे कलम मी गेल्या सोमवारी लिहिले. खोडत नाही, कारण ते का बदलले ते पुढे येते.

कलम पाचवे. साक्षीदार थर्मन पील याच्याविषयी.

ज्याने मला सगळ्यांत जास्त वेळा हाकलले त्यालाच मी माझ्या शुद्धीची साक्ष द्यायला का बोलावले, असा प्रश्न पडेल, म्हणून हे कलम.

पील हा सडपातळ, चर्चमध्ये कधी न चुकणारा, आवाज न चढवणारा माणूस. होम प्लेट म्हणजे ती जमिनीत बसवलेली पांढरी पाटी. ती तो छोट्या ब्रशने इतकी सावकाश झाडतो की प्रेक्षक जांभया देतात. मी वर्षानुवर्षे त्याच्या तोंडापाशी तोंड नेऊन ओरडलो आणि त्याने वर्षानुवर्षे तेवढ्याच शांतपणे हात वर करून मला दार दाखवले.

गेल्या महिन्यात मला नळीचे कळले. डॉक्टरांनी सांगितले होते की शस्त्रक्रिया होईपर्यंत ओरडायचे नाही, धावायचे नाही, रागवायचे नाही. हंगाम संपायला थोडे सामने उरले होते. मी लिओनाशिवाय कोणाला काही सांगितले नाही आणि बाकावर गप्प बसून राहिलो. पोरे घाबरली. मॅनेजर गप्प म्हणजे संघ विकला, अशी बोलवा उठली. टीटो तर माझ्यासाठी आईच्या हातची पेरूची वडी घेऊन आला आणि म्हणाला, "बॉस, तुम्ही निदान मला तरी शिव्या द्या. मला झोप येईना झालीय."

मग तो सामना आला. शेवटच्या डावात समोरचा गडी होम प्लेटवर घसरत आला. टीटोने त्याला आधी चेंडू लावला होता, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. पीलने दोन्ही हात पसरले. गडी वाचला. टीटोने तोंडावरची जाळी भिरकावली आणि छाती पुढे काढून पीलच्या अंगावर गेला. तो हात टाकणार हे मला बाकावरून दिसले. पंचावर हात टाकला की वर्षभराची बंदी. त्याच्या घरी त्याच्या पगारावर जेवणारी माणसे आहेत.

मी उठलो. धावलो नाही, चाललो. सगळे मैदान उभे राहिले. त्यांना वाटले आता तमाशा सुरू होणार. लोक पायाने फळ्या बडवत होते आणि तो आवाज माझ्या छातीत उतरत होता. तो त्यांचा आहे की माझा हे मला कळेना. तळहात छातीवर ठेवायचा मोह झाला, पण ठेवला असता तर लिओनाला गॅलरीतून दिसले असते. मला वाटले, मी त्या दोघांपर्यंत पोचणारच नाही. बापाला निदान टेबल होते पडायला.

पोचलो. टीटोला पाठीने मागे रेटले.

"बोल," पील म्हणाला. "एवढा उशीर?"

"पील, मला ओरडता येत नाही."

"काय?"

"छातीतली नळी फुगलीय. ओरडलो तर इथंच आडवा होईन. पण हा माझ्या पाठीमागं आहे आणि हा तुला मारणार. मला हाकल आणि मिटव."

त्याने माझ्याकडे नीट पाहिले. त्याला ते खोटे वाटले असते तरी मी त्याला दोष दिला नसता.

"तू काही बोललाच नाहीस, डिट्रिक. कशासाठी हाकलू? लीगला काय कळवू?"

"तुझी आई काढली म्हणून कळव."

"माझी आई मागच्याच महिन्यात गेली."

मला ठाऊक नव्हते. "वाईट झालं," मी म्हटले. "खरंच वाईट झालं, पील." मग आम्ही दोघे तसेच उभे राहिलो आणि चहूकडून लोक माझ्या नावाने ओरडत होते.

"याला भांडण दिसलं पाहिजे," पील माझ्या खांद्यावरून टीटोकडे बघत हळूच म्हणाला, "नाहीतर हा थांबायचा नाही." आणि त्या माणसाने, ज्याने चर्चमध्येसुद्धा कधी मोठ्याने गायले नाही, आपली जाळी जमिनीवर आपटली आणि माझ्या तोंडापाशी तोंड आणून ओरडायला सुरुवात केली. "मला आंधळा म्हणतोस? मला? जा, घरी जाऊन कोंबड्या पाळ! त्यातली एक तरी तुझं ऐकते का बघ!" मी म्हणायला हवे होते ते सगळे तोच म्हणत होता, दोघांच्याही वाटचे. मध्येच आवाज खाली आणून पुटपुटायचा, "हळू श्वास घे. माझ्या कॉलरच्या बटणाकडं बघ, दुसरीकडं बघू नकोस." आणि पुन्हा ओरडायचा. शेवटी त्याने स्वतः झाडलेल्या पाटीवर स्वतःच्याच बुटाने माती उडवली.

लोक वेडे झाले. पीलसारख्या माणसाला पेटवले म्हणजे मी काहीतरी भयंकर बोललो असणार, अशी सगळ्यांची खात्री पटली. टीटो माझा दंड धरून मागे ओढायला लागला. "चला बॉस, सोडा त्याला, जाऊ द्या, कशाला त्याच्या नादी लागता." मारायला निघालेला पोरगा मलाच समजावत होता. तेव्हा पीलने हात वर केला आणि मला हाकलले.

आत गेल्यावर मी सामानाच्या पेटीवर बसून रडलो. वाचलो म्हणून नव्हे, भीतीने. सामना संपल्यावर पील कॉफीचे दोन पेले घेऊन आला. त्याने निर्णयाविषयी काही म्हटले नाही आणि मीही म्हटले नाही. "तारीख कधी दिलीय?" एवढेच विचारले. निर्णय चुकलेला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

कलम सहावे. कलम चारमधील अट रद्द करण्याविषयी.

क्लेटन पाइन क्रॉसला वेल्डिंगच्या कारखान्यात असतो. एके काळी तो माझ्याच संघात होता. एका सामन्यात, अगदी मोक्याच्या वेळी, पंचाने त्याला शेवटच्या स्ट्राइकवर, म्हणजे त्याने न मारता सोडलेला चेंडू योग्य टप्प्यातला ठरवून, बाद दिले. तो वळून बाकाकडे बघत राहिला. मी उठलो नाही. त्या हिवाळ्यात मी त्याला संघातून कमी केले, कारण वळणारा चेंडू त्याला कधी दिसला नाही. तेव्हापासून तो आईशी बोलतो आणि माझ्याशी बोलत नाही.

गेल्या गुरुवारी मी त्याला फोन केला.

"कोण गेलं?" त्याने विचारले. मी फोन करतो म्हणजे कोणीतरी गेलेच असणार.

"अजून कोणी नाही," मी म्हटले आणि नळीचे सगळे सांगितले. माझे, बापाचे, डॉक्टर जे म्हणाले ते.

"कधी आहे ऑपरेशन?"

"मंगळवारी. माझं राहू दे. तू फोटो काढून घे."

"मला काय धाड भरलीय?"

"तुझ्या आजोबांनाही काही झालेलं नव्हतं."

"कधी पाठ धरते एवढंच. दिवसभर वाकून वेल्डिंग करतो, धरणारच."

"कुठं?"

"पाठ रे. दोन खांद्यांच्या मध्ये. तुला काय करायचंय?"

माझे दुखणे तिथेच सुरू झाले होते. मीही म्हणत राहिलो की बाकावर बसून बसून धरते. त्या क्षणी मला मंगळवारची भीती उरली नाही, इतकी ही दुसरी मोठी होती. घाबरलेला माणूस करतो तेच मी केले. कागद ओढला आणि त्याला कलम चार वाचून दाखवले.

"म्हणजे लाच," तो म्हणाला.

"अट आहे."

"चर्चला देऊन टाक तुझं घर. छपरासकट दे. अख्ख्या जगासाठी धावत बाहेर आलास तू. दारुड्यांसाठी आलास, चोरांसाठी आलास. माझ्यासाठी बुड हललं नाही तुझं. आणि आता हुकूम सोडतोस, क्लेटन, शर्ट काढ, फोटो काढ?"

"ती स्ट्राइकच होती, क्लेट."

त्याने फोन ठेवला. ती स्ट्राइकच होती. गुडघ्याच्या वर, पाटीच्या मधोमध. हे मी रुग्णालयातल्या टेबलावरही म्हणेन.

लिओना टेबलाच्या त्या बाजूला मुरांब्यासाठी पीच सोलत होती. तिने हातातले काम थांबवले नाही.

"अँसेल, तुला कोणी दम दिला की तू काय करतोस?"

मी कागदाची घडी घालू लागलो.

"आणखी दोन शब्द बोलतोस आणि बाहेर जाऊन बसतोस. तोही तेच करणार. तुझं सगळं उचललंय त्यानं. फक्त नळीचं काय ते कळायचंय." आणि मग तिचा सुरी धरलेला हात थांबला. इतकी वर्षे मी तिला सगळ्या तऱ्हांनी चिडलेली पाहिली, पण घाबरलेली पहिल्यांदा पाहिली. "त्याला सांग ना रे," ती म्हणाली. "अट नको घालू. सांग."

सबब कलम चारमधील अट मी या कलमाने रद्द करतो. तळ्यावरचे घर, धक्का व बोट क्लेटनला बिनशर्त मिळावीत. त्याने फोटो काढला तरी त्याची आणि नाही काढला तरी त्याची.

कलम सातवे. विनंती.

हे कलम कायद्याने कोणावर बंधनकारक नाही, असे वकील म्हणाला. तरी लिहितो.

मला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते, तर तोंडावर ठेवतात त्या रबरी मुखवट्याची. आजवर माझ्याबद्दल जे काही ठरले ते ठरताना मी समोर उभा होतो आणि बोलत होतो. मंगळवारी मी आडवा असेन, तोंड झाकलेले असेल, आणि माझ्या बाजूने चकार शब्द बोलायला कोणी नसेल. हे मी सोसेन. सोसण्यावाचून इलाज नाही. पण त्याच वेळी पाइन क्रॉसमध्ये माझा मुलगा पाठ चोळत वाकून काम करत असेल, आणि त्याला कोणी काही सांगणार नाही, हे मला सोसवत नाही. त्याच्या आईचे तो ऐकून घेतो आणि विसरतो. माझे तो ऐकतच नाही. मी गेलो तर माझ्या दफनानंतर तो महिनाभर रागात राहील. त्या महिन्यात त्याची नळी फुटली तर?

म्हणून थर्मन पील याला मी विनंती करतो की त्याने क्लेटनकडे जावे आणि माझ्या बाजूने बोलावे. काय बोलायचे ते त्याने ठरवावे. मी बोललो तर भांडण होते. पीलला मी आज दुपारी हे विचारले. तो म्हणाला, "तो मला उभं करणार नाही." मी म्हटले, "नाही करणार." त्याने टोपी हातात फिरवली आणि मग डोक्यावर ठेवली. हो म्हणाला की नाही ते कळले नाही.

क्लेट, हा कागद तू वाचत असशील तर मी हरलो असेन. तुझी पाठ आता कशी आहे ते मला कळणार नाही, आणि तेच मला मरणाहून वाईट वाटते. मला भीती वाटते रे. तू मला माफ केलेस की नाही हे मी विचारत नाही, त्याने माझे काही अडत नाही. माझ्यावर हवा तेवढा चिडून राहा. फक्त शर्ट काढून त्या यंत्रासमोर उभा राहा, श्वास रोखून धर म्हणतील तेवढा वेळ धर, आणि मग म्हातारा होईपर्यंत मला शिव्या देत बस.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला असून पुन्हा वाचला आहे. यापूर्वीचे माझे कोणतेही मृत्युपत्र नाही. यानंतरचे एखादे असावे अशी इच्छा आहे.

(सही) अँसेल रॉय डिट्रिक

साक्षीदार:

अल्मा ग्रूनवाल्ड, शेजारीण. मिस्टर डिट्रिक यांनी माझ्यासमोर सही केली. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि संपूर्ण वेळ हळू आवाजात बोलले. मला ते आवडले नाही. त्यांनी परत येऊन पूर्वीसारखे ओरडावे.
(सही)

थर्मन पील, पंच. डिट्रिकने माझ्यासमोर सही केली. तो पूर्ण शुद्धीवर होता. मी जे पाहिले तेवढेच सांगायची मला सवय आहे, म्हणून इतके पुरे होते. पण दुपारी मी त्याला उत्तर न देता टोपी घातली, ते उत्तर इथे लिहितो, कारण तोंडाने दिले असते तर तो हुज्जत घालत बसला असता आणि ते त्याला चालणार नाही. मी उद्या सकाळी पाइन क्रॉसला जातो आहे. मुलगा मला दारातून हाकलून देईल. मला आजवर कोणी हाकललेले नाही, तेव्हा ते कसे असते हे मला ठाऊक नाही. परवा मंगळवार. डिट्रिकला त्या दिवशी उठता येणार नाही, म्हणून त्याच्याऐवजी मी पुन्हा मुलाकडे जाईन.
(सही)

हॅरोगेट बेंड, इंडियाना. रविवार, तारीख १९ सप्टेंबर १९७१.